संकेत आणि षष्ठी : जीवाणूपासून चेतापेशीपर्यंतच्या परिभाषेची एक चिकित्सा

गेल्या वर्षी रेणवीय जीवशास्त्रावरील एका इंग्रजी ग्रंथाच्या मराठी अनुवादाचे हस्तलिखित भाषिक तपासणीसाठी प्रस्तुत लेखकाकडे आले. विषयाची तपासणी त्या विषयाचे जाणकार करणार होते. आमच्याकडे काम होते ते शुद्धलेखन, वाक्यरचना आणि परिभाषेची एकवाक्यता पाहण्याचे. परंतु दोन प्रकरणे वाचून होतात न होतात तोच असे ध्यानात आले की, ज्या शास्त्राची भाषा आपण तपासावयास बसलो आहोत, त्या शास्त्राने आपल्याच घरातील भांडीकुंडी उचलून नेलेली आहेत. संकेत, अक्षर, प्रतिलेखन, भाषांतरण, संदेश, समानार्थी, निरर्थक, विराम, संपादन, मुद्रितशोधन : भाषेच्या अभ्यासकाने आपल्या म्हणून ज्यांवर हक्क सांगावा असे शब्द पानोपानी भेटत होते. पहिल्या प्रकरणात ते जीवाणूविषयी होते, शेवटच्या प्रकरणात मेंदूतील चेतापेशींविषयी. शब्द तेच होते. त्यांचे वजन मात्र तेच नव्हते, आणि अनुवादात हा फरक मुळापेक्षाही अधिक झाकला गेला होता. तो का झाकला जातो, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

आरंभ 'संकेत' या शब्दापासूनच केला पाहिजे. इंग्रजी 'कोड' या शब्दाला आपण हा प्रतिशब्द योजला तेव्हा तारायंत्राची किंवा लष्करी गुप्तलिपीची कल्पना डोळ्यांपुढे असावी. परंतु आपल्या शास्त्रपरंपरेत 'संकेत' हा फार जुना आणि काटेकोर शब्द आहे. 'या शब्दाने हा अर्थ समजावा' असा जो ठराव, तो संकेत. शब्द आणि अर्थ यांचा संबंध अशा ठरावाने झालेला, म्हणजे सामयिक आहे, असे नैयायिकांचे मत. तो औत्पत्तिक, म्हणजे कोणी न केलेला व नित्य आहे, असे मीमांसकांचे. गंमत अशी की, 1950 ते 1970 या काळात जीवशास्त्रज्ञांनी हाच वाद आपल्या प्रयोगशाळांत पुन्हा मांडला, आणि तो मांडताना आपण कोणाची री ओढीत आहोत याची त्यांना वार्ताही नव्हती.

1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डी.एन.ए.ची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध केली. डी.एन.ए.त चार प्रकारचे घटक एकापुढे एक येतात. प्रथिनात वीस प्रकारची अमिनो आम्ले एकापुढे एक येतात. मग चारांच्या माळेवरून वीसांची माळ कशी ठरते? पुढच्याच वर्षी जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने सुचविले की, डी.एन.ए.च्या सर्पिलावर चौकटीच्या आकाराच्या खाचा असाव्यात आणि प्रत्येक खाचेत एक विशिष्ट अमिनो आम्ल कुलपात किल्ली बसावी तसे बसावे. हा मीमांसकांचा पक्ष होय : चिन्हाच्या आकारातच अर्थाची जागा आहे, मध्यस्थाची गरज नाही. क्रिकला हे पटले नाही. त्याने 1955 साली एका टिपणातून असे सुचविले की, न्यूक्लिइक आम्लाचा तुकडा आणि अमिनो आम्ल यांत आकाराचे काही नाते असण्याचे कारण नाही. मध्ये एक जुळवणारा रेणू असावा, ज्याच्या एका टोकास अक्षरे ओळखता यावीत आणि दुसऱ्या टोकास अमिनो आम्ल टांगलेले असावे. असा रेणू पुढे खरोखरच सापडला. त्यास आज वाहक आर.एन.ए. म्हणतात. संकेत असतो तो या रेणूत आणि त्याच्या टोकास योग्य ते आम्ल टांगणाऱ्या विकरात, डी.एन.ए.त नव्हे. 1968 साली क्रिकने या मताची परिसीमा गाठली : हा ठराव कसा झाला हे एक गोठून गेलेला अपघात म्हणूनच समजावे, एकदा तो झाल्यावर बदलणे प्राणघातक, म्हणून तो टिकला. कार्ल वोज याने मात्र आकाराच्या नात्याचा पक्ष सोडला नाही, आणि संकेताच्या उगमाविषयीचा तो वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. उगम कसाही असो, आज चालू असलेला व्यवहार सामयिक आहे हे मात्र नि:संशय. 1979 साली मानवी पेशीतील तंतुकणिकांत एका त्रिकाचा अर्थ निराळा आढळला. इतरत्र जे विरामचिन्ह, ते येथे ट्रिप्टोफॅन या आम्लाचे चिन्ह. 2013 साली ई. कोलाय या जीवाणूतील एका विरामत्रिकाच्या सर्वच्या सर्व, म्हणजे 321 जागा दुसऱ्या विरामत्रिकाने बदलण्यात आल्या आणि जीवाणू जगला. ज्यास बोलीभेद असू शकतो आणि ज्यात ठरवून सुधारणा करता येते, त्यास संकेत म्हणावयास कसला प्रत्यवाय?

तेव्हा जीवाणूच्या प्रकरणात 'संकेत' हा शब्द अभिधेने वापरलेला आहे, लक्षणेने नव्हे. हे मान्य करताना भाषाशास्त्रज्ञास थोडा हेवाही वाटतो. आपल्या विषयात इतका स्वच्छ संकेत दाखविणे आपणांस क्वचितच साधते.

'भाषांतरण' या शब्दाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. डी.एन.ए.वरून आर.एन.ए. बनणे ते प्रतिलेखन, आणि आर.एन.ए.वरून प्रथिन बनणे ते भाषांतरण, ही जोडी आता शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत रुळली आहे. परंतु भाषांतर करणारा मनुष्य काय करतो? तो वाक्य वाचतो, अर्थ घेतो आणि तो अर्थ दुसऱ्या भाषेत मांडतो. रायबोसोम अर्थ घेत नाही. त्यास तीन अक्षरांचा गट दिसतो, तो गट ओळखणारा वाहक येतो, त्याचे आम्ल माळेस जोडले जाते आणि पुढील गटाकडे जावयाचे. आपल्याकडे या कामास निराळे नाव आहे : लिप्यंतर. मोडी कागद बाळबोधीत उतरवून घेणारा लेखनिक हेच करतो. किंबहुना मोडीचा दाखला येथे अधिक खोलवर लागू पडतो. मोडी लिहिणारा ओळीभर शिरोरेषा आधी ओढून घेई आणि तीखाली शब्द न तोडता लिहीत जाई; एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे कागद सांगत नाही. आर.एन.ए.ची ओळही अशीच अखंड असते. फरक एवढाच की, मोडी वाचणारा भाषा जाणतो म्हणून शब्द तोडू शकतो. रायबोसोमला भाषा येत नाही, तो ठरलेल्या जागी आरंभ करतो आणि तीन-तीन मोजीत जातो.

हे मोजणे सिद्ध कसे झाले, ते सांगण्याजोगे आहे. प्रथम 1957 साली क्रिक, ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांनी एक अतिशय देखणी कल्पना मांडली. चार अक्षरांची त्रिके चौसष्ट होतात. एकाच अक्षराची चार त्रिके वगळली तर साठ उरतात. या साठांतील प्रत्येक त्रिक फिरवून त्याची आणखी दोन रूपे होतात. अशा तिघांच्या गटातून एकच सार्थ मानले, म्हणजे वीस सार्थ त्रिके मिळतात, आणि ती अशी निवडता येतात की चुकीच्या जागेपासून वाचावयास लागले तर नुसती निरर्थके हाती यावीत. विरामाशिवाय वाचता येणारी लिपी, आणि अमिनो आम्लेही वीसच! अशा सुंदर उपपत्तीवर कोणाही व्याकरणकाराने जीव ओवाळून टाकला असता. पण ती चूक होती. 1961 साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी केवळ 'यू' या एकाच अक्षराची माळ जीवाणूंच्या अर्कात घातली आणि तीपासून केवळ फेनिलअलॅनिनचे प्रथिन मिळाले. ज्या त्रिकास त्या लिपीत स्थानच नव्हते तेच पहिले वाचले गेले. 1966 पर्यंत निरेनबर्ग, खुराना आणि इतरांनी चौसष्टही त्रिकांचा उलगडा केला : 61 अमिनो आम्लांची, तीन विरामाची.

त्याच 1961 साली क्रिक, ब्रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूवर प्रयोग करून त्रिकांची मोजणी दाखविली. वाचकांपैकी जे विज्ञानशाखेचे नाहीत त्यांच्यासाठी त्या प्रयोगाचे तत्त्व मराठीत मांडून पाहू. 'शरदसततभजनकरत' अशी अखंड ओळ घ्या. तीन-तीन अक्षरे तोडली तर 'शरद सतत भजन करत' असे वाचता येते. आता चौथे अक्षर गाळा : 'शरद ततभ जनक रत'. गाळलेल्या जागेपुढचा सारा मजकूर बिघडला. 'जनक' हा शब्द अवचित उभा राहिला खरा, पण त्या वाक्याशी त्याचा संबंध नाही. आता बिघडलेल्या ओळीत 'जन' यापुढे एक अक्षर घाला : 'शरद ततभ जनम करत'. मधला भाग बिघडलेलाच राहिला, परंतु 'करत' पुन्हा ताळ्यावर आले. विषाणूत हेच घडले. एक अक्षर अधिक झाले की प्रथिन निकामी. एक अधिक आणि एक उणे झाले की बहुधा कामापुरते. आणि निर्णायक गोष्ट म्हणजे, तीन अधिक झाले तरीही कामापुरते. गट तिहींचा असल्यावाचून असे होणार नाही. ही युक्ती संपूर्णपणे पाठचिकित्सकाची आहे. अपपाठांची तुलना करून लेखनाचा नियम शोधावयाचा; मूळ पोथी कोणी पाहिलेली नाही.

म्हणून आमच्या मते 'भाषांतरण' हा शब्द 'लिप्यंतरण' असा असता तर विद्यार्थ्यास रायबोसोमची निर्बुद्ध शिस्त नीट समजली असती. या सूचनेत एक उणेपणा आहे, तो लपवू नये. लिप्यंतर उलटे करता येते. बाळबोधीतून पुन्हा मोडीत जाता येते. येथे एकाच आम्लाची अनेक समानार्थी त्रिके असल्यामुळे प्रथिनावरून मूळ ओळ निश्चित करता येत नाही. शिवाय प्रथिन ही केवळ ओळ राहत नाही, ती घडी घालते आणि कामास लागते. कोणतीही लिपी असे करीत नाही.

आता 'निरर्थक' या शब्दाकडे येऊ. येथे मुंबईचा संबंध येतो. ओबेद सिद्दीकी हे मूळचे उत्तर प्रदेशातील. अलीगढ येथे शिकून त्यांनी ग्लासगो येथे पोंतेकोर्वो यांच्या हाताखाली बुरशीच्या आनुवंशिकतेवर डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्यासमवेत त्यांनी ई. कोलायच्या काही उत्परिवर्तित वाणांचा अभ्यास केला. या वाणांत अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनतच नव्हते. परंतु तोच बिघडलेला जनुक दुसऱ्या विशिष्ट वाणात नेला की विकर पुन्हा बनू लागे. 1962 साली हे काम प्रसिद्ध झाले. विषाणूंवर काम करणाऱ्या बेंझर आणि शँप यांनाही त्याच वर्षी तसेच काही आढळले. ज्या त्रिकास कोणत्याही आम्लाचा अर्थ नाही, असे त्रिक मध्येच आल्यामुळे पहिल्या वाणात वाचन तुटत होते. दुसऱ्या वाणात तेच त्रिक सार्थ होत होते.

अशा त्रिकास इंग्रजीत 'नॉनसेन्स' म्हणाले आणि मराठीत 'निरर्थक'. पण 1965 साली सिद्ध झाले की ही त्रिके निरर्थक नसून विरामचिन्हे आहेत. माळ येथे संपवावी, असा त्यांचा निश्चित अर्थ आहे. पूर्णविरामास निरर्थक म्हणणारा वैयाकरण आमच्या पाहण्यात नाही. यांपैकी पहिल्या त्रिकास 'अंबर' असे नाव आहे, आणि तेही अर्थाशी संबंध नसलेले : बर्नस्टाइन नावाच्या एका विद्यार्थ्याच्या आडनावाचा जर्मन अर्थ अंबर, म्हणजे तृणमणी, एवढ्यावरून ते पडले. मग 'ओकर' आणि 'ओपल' ही भावंडे त्यास जोडण्यात आली.

सिद्दीकी-गॅरन यांच्या कामाचे भाषिक मर्म आमच्या मते याहून खोल आहे. पाठ तोच, पण एका वाणात तो अर्धवट तुटतो आणि दुसऱ्यात पूर्ण वाचला जातो. मग अर्थ पाठात आहे असे कसे म्हणावे? तो वाचकात आहे. पुढे 1968 पर्यंत दिसून आले की, अशा एका वाणात वाहक आर.एन.ए.चे एक ओळखअक्षर बदललेले असते, आणि त्यामुळे तो विरामास टायरोसीन समजून वाचतो. एक चूक दुसऱ्या चुकीने सावरली जाते. वाचक बदलला म्हणून अर्थ बदलला, याचा इतका निर्भेळ पुरावा शब्दार्थविचारात आपणांस मिळत नाही. आणि येथूनच प्रस्तुत लेखाची कसोटी मिळते : 'संकेत' हा शब्द जेथे वापरला असेल तेथे विचारावे की, या संकेताचा वाचक कोण? तो दाखविता येत असेल तर शब्द पारिभाषिक; येत नसेल तर लाक्षणिक.

1962 सालीच सिद्दीकी होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईस आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढील दशकात ते जीवाणू सोडून फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळले. हे वळण त्यांनी एकट्यानेच घेतले असे नाही. बेंझर विषाणू सोडून माशीकडे गेले, ब्रेनर एका सूक्ष्म कृमीकडे, आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रिक स्वत: मेंदूकडे. ज्या चौघांनी संकेताच्या उलगड्यात हात लावला ते चौघेही चेतापेशींच्या प्रांतात गेले. माणसे स्थलांतर करतात तेव्हा आपली बोली बरोबर नेतात, आणि नव्या गावातील वस्तूंना जुनी नावे देतात.  तेच येथे घडले.

या नव्या गावाच्या नावांविषयी एक विषयांतर क्षम्य ठरावे. ग्रीक 'न्यूरॉन' याचा मूळ अर्थ तांत, धनुष्याची दोरी. वैदिक 'स्नावन्' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि 'स्नायु' त्याच कुळातला. वाल्डेयर याने 1891 साली 'न्यूरॉन' हे नाव चेतापेशीस दिले. बंगालीत 'स्नायु' म्हणजे आजही चेतातंतू. मराठीत मात्र 'स्नायू' म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा पट्टा. उलट मराठीत 'पेशी' म्हणजे सजीवाचा मूळ घटक, तर हिंदी वाचकास त्या शब्दाने मांसच आठवते. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' व 'तंत्रिका तंत्र' असे शब्द पत्करले, शालेय पुस्तकांनी 'पेशी' व 'चेतासंस्था'. आमच्या हातातील हस्तलिखितात हे दोन्ही पंथ एकाच परिच्छेदात सुखाने नांदत होते. तेथे आमची तांबडी शाई बरीच खर्ची पडली.

मूळ मुद्द्याकडे येऊ. सिद्दीकी आणि बेंझर यांनी 1976 साली अशा माश्यांचे वर्णन केले की ज्या नेहमीच्या तपमानात ठीक वावरतात, पण तपमान वाढविले की लुळ्या पडतात. त्यांच्या चेतातंतूंतील विद्युत्स्पंद कोठे थांबतो हे त्यांनी मोजून पाहिले. अशाच एका लुळ्या वाणाच्या जनुकाविषयी 1989 साली कळले की, चेतापेशीच्या आवरणातील सोडियमचा मार्ग तो घडवितो. येथवर सारे नीट आहे. जनुक, प्रथिन, त्या प्रथिनाचे काम, ते काम बंद पडल्याचा परिणाम : प्रत्येक पायरीवर कर्ता, कर्म, करण दाखविता येते.

घोटाळा होतो तो दुसऱ्या उदाहरणात. 1976 सालीच बेंझर यांच्या प्रयोगशाळेतून 'डन्स', म्हणजे 'मठ्ठ', या नावाच्या माशीचे वर्णन आले. माशीला एक वास देताना विजेचा सौम्य धक्का दिला, तर ती पुढे त्या वासापासून दूर राहण्यास शिकते. मठ्ठ माशी शिकत नाही. हस्तलिखितात या जनुकाचा उल्लेख 'स्मृतीचे जनुक' असा होता. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. पण ही षष्ठी काय सांगते? पाणिनीने षष्ठी ठेवली आहे ती कारकांची व्यवस्था लागल्यावर उरलेल्या संबंधांसाठी. ती संबंध आहे एवढेच सांगते; कोणता, हे सांगत नाही. 'रामाचे पुस्तक' म्हणजे रामाने लिहिलेले, रामाच्या मालकीचे, की रामावर लिहिलेले? तसेच 'स्मृतीचे जनुक' म्हणजे स्मृती घडविणारे, स्मृती साठविणारे, की बिघडले असता स्मृतीत विघ्न आणणारे? इंग्रजी वाक्यात निदान एक शब्दयोगी अव्यय असते आणि चिकित्सक वाचक त्यास अडवून धरू शकतो. आपला 'चा-ची-चे' इतका मृदू की तो डोळ्यांआडून निघून जातो.

वस्तुस्थिती काय आहे? 1981 साली कळले की, हे जनुक चक्रीय ए.एम.पी. नावाच्या लहानशा रेणूस मोडणाऱ्या विकराशी संबद्ध आहे. ते विकर नसले की हा रेणू साचतो, आणि वास व धक्का यांची सांगड माशीस घालता येत नाही. शिवाय या वाणाच्या माद्या वंध्य असतात. तेव्हा ज्या न्यायाने हे 'स्मृतीचे जनुक', त्याच न्यायाने ते 'अपत्यप्राप्तीचे जनुक' म्हणावे लागेल. दोन्ही षष्ठ्या तितक्याच खऱ्या आणि तितक्याच पोकळ. माशीच्या जनुकांची नावेच मुळी अभावावरून पडली आहेत. 'पांढरा' या नावाचे जनुक शाबूत असेल तर माशीचे डोळे तांबडे असतात. अभावावरून पडलेल्या नावास भावाची षष्ठी जोडणे हा दुहेरी प्रमाद आहे.

याच चक्रीय ए.एम.पी.मुळे आमच्या कसोटीस एक वेगळे वळण मिळते. 1965 साली आढळले होते की, ई. कोलायमध्येही हा रेणू असतो आणि ग्लुकोज विपुल असले की त्याचे प्रमाण घटते. जीवाणूत तो उपासमारीची वर्दी देतो; त्यास धरणारे एक प्रथिन डी.एन.ए.वर बसते आणि दुसरी शर्करा पचविणाऱ्या जनुकांचे प्रतिलेखन वाढविते. गॉर्डन टॉमकिन्स याने 1975 साली यावरून असे प्रतिपादन केले की, हा रेणू उपासमारीचे रासायनिक रूप नाही, तिचे चिन्ह आहे. झाक मोनो याने थोडे आधी प्रथिनांच्या नियमनाविषयी हेच निराळ्या शब्दांत म्हटले होते : वर्दी देणारा रेणू आणि घडणारे कार्य यांत रसायनाचे कोणतेही अनिवार्य नाते नसते. हीच सामयिकता होय. जीवाणूत ज्या चिन्हाचा अर्थ 'साखर नाही' असा, ते माशीच्या चेतापेशीत शिकण्याच्या व्यवहारात वापरले जाते, कारण त्यास वाचणारी प्रथिने निराळी आहेत. तेव्हा चेतापेशीतही संकेत आहे. पण तो कोठे आहे ते ध्यानात घ्यावे. तो रेणू आणि त्यास धरणारे प्रथिन यांच्यामध्ये आहे. वाचक दाखविता येतो, म्हणून शब्द खरा.

हस्तलिखिताच्या शेवटच्या प्रकरणातील 'चेतासंकेत' मात्र या कसोटीस पुरेसा उतरत नाही. 1920 च्या दशकात ॲड्रियन यांनी दाखविले की, उद्दीपन तीव्र झाले तरी एकेका स्पंदाचा आकार वाढत नाही, स्पंदांची वारंवारता वाढते. 1971 साली ओ'कीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या की ज्या खोलीतील ठरावीक जागी आल्यावरच चेततात. दोन्ही शोध मोलाचे. परंतु त्या स्पंदांवरून उंदीर कोठे आहे हे वाचले कोणी? संशोधकाने. त्याच्यापाशी खोलीचा नकाशा आणि उंदराची जागा या दोन्ही नोंदी होत्या. पुढील चेतापेशीपाशी केवळ स्पंद येतात, नकाशा येत नाही. ती त्यांचे काय करते, हे दाखवीपर्यंत तेथे परस्परसंबंध आहे, संकेत आहे असे म्हणता येत नाही. कृमीच्या 302 चेतापेशींची जोडणी 1986 साली संपूर्ण प्रसिद्ध झाली, फळमाशीच्या मेंदूतील सुमारे 1,39,000 पेशींची 2024 साली. जोडणीचा पट हाती असूनही कृमी पुढच्या क्षणी कोणीकडे वळेल हे त्यावरून वाचता येत नाही. पोथी मिळाली, वाचक मिळावयाचा आहे.

रोमान याकोबसन यांच्यासारख्या थोर भाषाशास्त्रज्ञाने आनुवंशिक संकेत आणि मानवी भाषा यांच्या रचनेतील साम्याविषयी उत्साहाने लिहिले. 1968 साली फ्रान्समध्ये त्यांचा फ्रांस्वा झाकोब व लेव्ही-स्ट्रॉस यांच्याशी या विषयावरील संवाद दूरचित्रवाणीवर प्रसारितही झाला. हे साम्य आहे : स्वत: अर्थहीन अशा थोड्या घटकांच्या क्रमातून असंख्य रचना उभ्या करणे, हे दोहींकडे आढळते. परंतु त्यावरून एक दुसऱ्याच्या नमुन्यावर घडले असे निघत नाही, आणि याबाबतीत याकोबसनांचा उत्साह त्यांच्या पुराव्याच्या पुढे गेला होता असे आमचे मत आहे. येथे जीवशास्त्रज्ञ झाकोबच भाषेच्या रूपकाविषयी अधिक सावध होते.

चेतासंस्थेत 'संकेत' हा शब्द कायम लाक्षणिकच राहील, असे मात्र आम्हांस सुचवावयाचे नाही. सिद्दीकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1978 साली मुंबईहून वास न ओळखणाऱ्या माश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. केनियात वाढलेल्या आणि डब्लिनला शिकलेल्या रॉड्रिग्ज यांनी पुढे आयुष्यभर हाच विषय लावून धरला. 1999 साली माशीची गंधग्राहक जनुके सापडली, आणि नंतर दिसले की एकाच प्रकारचा ग्राहक धारण करणाऱ्या चेतापेशींचे तंतू मेंदूतील एकाच ठरावीक गाठीत येऊन मिळतात. म्हणजे येथे निदान पहिला वाचक दाखविता येतो. दुसऱ्या पायरीचा वाचक शोधण्याचे काम चालू आहे. गंधाच्या प्रकरणात 'गंधसंकेत' हा शब्द आम्ही न खोडता राहू दिला, तो याच कारणाने.

इतरत्र आम्ही काय केले ते सांगून थांबतो. 'भाषांतरण' तसेच ठेवले. पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द एका तपासनिसाने एकट्याने बदलू नये. 'निरर्थक त्रिक' याऐवजी 'विरामत्रिक' सुचविले; अनुवादकांनी ते स्वीकारले. 'स्मृतीचे जनुक', 'निद्रेचे जनुक', 'भीतीचे जनुक' अशा सतरा षष्ठ्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढून समासात एकच प्रश्न लिहिला : कारक कोणते? त्यांपैकी अकरा ठिकाणी अनुवादकांनी मूळ ग्रंथ पुन्हा पाहून पूर्ण वाक्य लिहिले. उरलेल्या सहा ठिकाणी मूळ ग्रंथातच उत्तर नव्हते.